मॉनिटर, माईक आणि स्कॅनर: जोडणी व बिघाडांविषयी गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा, वकिलांची कार्यालये, देवस्थान समित्या, भजनी मंडळे आणि घरून काम करणारी मंडळी यांच्याकडून वर्षभर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात कमी आणि वायरीची टोके, अर्थिंग, ओलावा व खारा वारा यांत अधिक सापडते, म्हणून तपासणीचा क्रमही भिंतीवरील प्लगपासून यंत्राकडे असा ठेवला आहे. एका उत्तरात सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न लिहिता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नवा मॉनिटर, स्पीकर किंवा स्कॅनर बसवण्यापूर्वी कशाची खात्री करून घ्यावी?

सर्वांत आधी अर्थिंगची. जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचे दिसते, पण तिसऱ्या पिनेच्या मागे पुष्कळदा वायरच नसते. वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्यावे: फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थ यांच्यात जवळजवळ तेवढाच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नाही, असा दाब असावा. जांभ्यावर बांधलेल्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि हे आकडे नेमके तेव्हाच बिघडतात. खड्ड्यात पाणी घालायचे असते, हेच घरात कोणाला ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट जागेची. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला यंत्राची पाठ टेकवू नये. वीतभर अंतर ठेवावे. तिसरी गोष्ट क्रमाची: यूएसबीने जोडायच्या स्कॅनरच्या व प्रिंटरच्या पुस्तिकेत आधी ड्रायव्हर आणि मग केबल असे सांगितले असेल, तर तो क्रम मोडू नये. उलट केल्यास विंडोज स्वतःचा कामचलाऊ ड्रायव्हर बसवते आणि नंतर अर्धीच बटणे चालतात.

२. एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, व्हीजीए आणि यूएसबी-सी यांपैकी कोणती केबल घ्यावी?

दोन्ही यंत्रांवर डिस्प्लेपोर्ट असेल तर ती, नसेल तर एचडीएमआय, आणि दुसरा उपाय नसेल तरच व्हीजीए. व्हीजीए १९८७ सालची आहे आणि तिच्यातून चित्र अॅनालॉग स्वरूपात जाते, त्यामुळे लांब केबलमध्ये अक्षरांना सावली येते. फोर-के मॉनिटर घेतला असेल तर एचडीएमआयची पिढी पाहावी लागते: १.४ पिढीचे पोर्ट फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलू शकते आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो. ६० वेळा हवे असल्यास संगणक, केबल आणि मॉनिटर ही तिन्ही २.० पिढीची किंवा तिच्यापुढची लागतात. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये ही अडचण नाही.

यूएसबी-सीच्या बाबतीत पोर्टचा आकार पाहून निष्कर्ष काढू नये. सारख्याच दिसणाऱ्या दोन पोर्टांपैकी एकातून चित्र जाते आणि दुसऱ्यातून केवळ चार्जिंग व फायली. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा थंडरबोल्टचे विजेच्या आकाराचे चिन्ह आहे का, ते पाहावे. मोबाईलच्या डब्यात आलेली केबल बहुधा चित्र नेणारी नसते. कन्व्हर्टरही एकाच दिशेने चालतात: एचडीएमआयवरून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर उलटा लावून जुना व्हीजीए संगणक नव्या टीव्हीला जोडता येत नाही.

महागड्या केबलने चित्र सुधारत नाही. सोन्याचा मुलामा मात्र किनारपट्टीच्या गावांत वाया जात नाही, कारण हरमल-मांद्रेच्या खाऱ्या हवेत साध्या टोकांवर एक-दोन पावसाळ्यांत काळपट थर चढतो. दहा मीटरहून लांब जायचे असेल तर साधी एचडीएमआय न घेता ऑप्टिकल फायबरची घ्यावी आणि तिच्या टोकांवर लिहिलेली दिशा पाळावी.

३. मॉनिटरचा दिवा लागतो, पण पडद्यावर 'नो सिग्नल' असेच येते. काय करावे?

मॉनिटरच्या बटणांनी योग्य इनपुट निवडले आहे का, ते आधी पाहावे. केबल एचडीएमआय-२ मध्ये आणि मॉनिटर एचडीएमआय-१ वर, हा प्रकार वाटतो त्याहून नेहमीचा आहे. त्यानंतर संगणकाची मागची बाजू पाहावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपवर दोन ठिकाणी पोर्ट असतात: उभे, मदरबोर्डवरचे, आणि खाली आडवे, कार्डावरचे. केबल कार्डावर लावायची असते.

लॅपटॉप असेल तर विंडोज की आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडावे. त्यानेही काही झाले नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, एक बीप ऐकू येतो आणि उघड्या फायलींना धक्का लागत नाही. कीबोर्डवरील कॅप्स लॉकचा दिवा कळ दाबल्यावर बदलत नसेल, तर मात्र संगणकच सुरू झालेला नाही आणि मॉनिटरला दोष देण्यात अर्थ नाही. रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवण्यापासून तपास सुरू करावा लागतो.

एक कारण आपल्याकडचे खास आहे. काही दिवस रिकामे राहिलेल्या पोर्टात कुंभारीण माशी मातीचे घरटे करते. एचडीएमआयची फट आणि हेडफोनचे भोक तिला नेमके मापाचे वाटते. वरून पाहिल्यास पोर्ट तांबूस मातीने लिंपल्यासारखे दिसते. केबल अर्धीच आत जाते आणि जोर केला की आतली जीभ मोडते. वीज पूर्ण बंद करून, यंत्र उताणे न ठेवता पोर्ट खाली येईल असे धरून, लाकडी टाचणीने माती हळूहळू भुगा करून पाडावी. सुई वापरू नये आणि तोंडाने फुंकरही मारू नये, कारण फुंकरीबरोबर ओल आत जाते. वापरात नसलेल्या पोर्टांना रबरी बुचे लावणे हा यावरचा उपाय आहे. तो स्वस्त आहे आणि फारसे कोणी करत नाही.

४. पडदा काळा दिसतो, पण नीट निरखले तर आत पुसट चित्र आहे. हा केबलचा दोष आहे का?

नाही. पडद्यामागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट, गेलेला आहे. अंधारात टॉर्च तिरपा धरून चित्र दिसते का हे पाहिले की निदान पक्के होते. नवीन मॉनिटरमध्ये एलईडीची पट्टी किंवा तिला वीज देणारा भाग बदलता येतो. जुन्या मॉनिटरमध्ये नळीचे दिवे असतात आणि त्यांच्या सर्किटमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो, म्हणून तो घरी उघडू नये. पंधरा-सतरा इंची जुन्या मॉनिटरवर हा खर्च करावा असे आम्हाला वाटत नाही.

५. टीव्ही मॉनिटर म्हणून लावला, तर कडा कापल्या जातात आणि अक्षरे धूसर दिसतात. टीव्ही खराब आहे का?

टीव्ही खराब नाही, तो आपल्या सवयीने वागतो आहे. टीव्ही आलेले चित्र थोडे मोठे करून कडा लपवतो; चित्राच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा तत्सम नावाचा पर्याय असतो, तो निवडावा. त्यानंतर इनपुटचे नाव बदलून 'पीसी' ठेवावे. पुष्कळ टीव्हींवर एवढ्याने रंगाचा तपशील कमी करणारी प्रक्रिया थांबते आणि लाल-निळी अक्षरे स्पष्ट होतात. विंडोजमधील रिझोल्यूशन टीव्हीच्या मूळ रिझोल्यूशनइतकेच हवे. अक्षरे बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी न करता 'स्केल' वाढवावे.

काळा रंग राखाडी दिसणे हा वेगळा दोष आहे. संगणक ० ते २५५ अशा पूर्ण पट्ट्यात रंग पाठवतो आणि टीव्ही १६ ते २३५ असा आखूड पट्टा गृहीत धरतो, किंवा याच्या उलट. दोघांची सांगड बसली नाही की चित्र फिके पडते किंवा सावल्या काळ्याकुट्ट होतात. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये 'फुल' आणि 'लिमिटेड' असे पर्याय असतात. टीव्हीवरही तोच ठेवावा.

६. चित्र अधूनमधून क्षणभर काळे होते आणि परत येते. केबल बदलली तरी थांबत नाही.

हे कधी होते त्याच्या वेळा दोन दिवस कागदावर टिपून ठेवाव्यात. विहिरीचा पंप, फ्रिज किंवा एसी सुरू होण्याची वेळ आणि पडदा काळा होण्याची वेळ जुळली, तर दोष दाबाचा आहे; मॉनिटर दुसऱ्या सर्किटवर किंवा यूपीएसवर घ्यावा. वेळा जुळत नसतील तर रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा, एक पायरी खाली आणून पाहावा. १४४ हर्ट्झवर काळे होणारे आणि ६० हर्ट्झवर स्थिर राहणारे चित्र हे केबल किंवा कन्व्हर्टर पुरा पडत नसल्याचे लक्षण आहे, मग केबल नवी असली तरी.

७. एकाच पोर्टातून दोन मॉनिटरांवर वेगवेगळे चित्र मिळेल का?

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या एचडीएमआय स्प्लिटरने मिळणार नाही. तो दोन्हीकडे एकच चित्र पाठवतो. डिस्प्लेपोर्टवर एमएसटी हब, म्हणजे एका पोर्टातून अनेक मॉनिटर चालवणारा जोड, लावून विंडोजमध्ये वेगळी चित्रे मिळतात, पण तोच हब मॅकला लावला तर मॅकओएस दोन्ही मॉनिटरांवर सारखेच चित्र देते. त्यातही एम-१ चिपचा मॅकबुक एअर मुळात एकाच बाहेरच्या मॉनिटरला आधार देतो. तेथे डिस्प्लेलिंक, म्हणजे यूएसबीवरून चित्र पाठवणाऱ्या, तंत्राचा अॅडॉप्टर आणि त्याचा ड्रायव्हर हाच मार्ग उरतो. कागदपत्रांच्या कामाला तो पुरतो, व्हिडिओ संपादनाला पुरत नाही.

८. पावसाळ्यात मॉनिटरच्या आत ढगासारखा डाग आला आहे. तो पुसता येईल का?

बाहेरून पुसता येत नाही, कारण तो पडद्याच्या थरांमध्ये शिरलेल्या ओलाव्याचा असतो. मॉनिटर कोरड्या खोलीत रोज काही तास चालू ठेवल्यास ताजा डाग पुष्कळदा विरतो. हेअर ड्रायर लावू नये. उष्णतेने थर सुटतात. कडा पिवळसर झालेला जुना डाग जात नाही.

घरची माणसे परदेशात आणि घर जून ते सप्टेंबर बंद, अशी स्थिती असेल तर शेजारच्या कोणाला तरी सांगून आठवड्यातून एकदा तासभर यंत्रे चालू करवून घ्यावीत, किंवा जाण्यापूर्वी सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकमध्ये बंद करावीत. पुड्या न टाकता नुसते प्लास्टिक गुंडाळल्यास आतली ओल आतच कोंडते. पडद्याची स्वच्छता किंचित ओलसर मायक्रोफायबर कापडाने करावी. पाणी कापडावर घ्यावे, पडद्यावर फवारू नये.

९. यूपीएस आहे, तरी विजा चमकताना प्लग काढायलाच हवा का?

काढायलाच हवा. मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरमध्ये, येणारे गडगडाट सर्वाधिक नुकसान करून जातात. यूपीएस दाबातील चढ-उतार सांभाळतो. जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा टिकाव लागत नाही. सर्ज प्रोटेक्टर जादा वीज अर्थकडे वळवतो, त्यामुळे अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग नाममात्र आहे. आणि प्लग काढून इंटरनेटची तांब्याची केबल किंवा डिशची वायर तशीच ठेवली तर अर्धे दार उघडेच राहते: डिशच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्स, तेथून एचडीएमआय आणि मग टीव्ही, असा जळण्याचा क्रम अनेक घरांत दिसतो.

लेसर प्रिंटर मात्र घरगुती यूपीएसवर लावू नये. त्याचा हीटर तापताना काहीशे वॅटपासून हजार वॅटपर्यंत भार घेतो आणि यूपीएस संगणकासकट बंद पडतो.

१०. नवा मॉनिटर जोडल्यापासून स्पीकरमधून आवाजच येत नाही.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट यांतून आवाजही जातो, म्हणून विंडोज नव्या मॉनिटरलाच स्पीकर समजते. त्यात स्पीकर नसला तरी. टास्कबारवरील आवाजाच्या चिन्हातून जुने स्पीकर पुन्हा निवडावेत. मॉनिटर दर वेळी स्वतःच पुढे येत असेल तर साउंड सेटिंग्जमध्ये त्याचे ध्वनी-उपकरण बंद करावे. चित्रावर परिणाम होत नाही.

११. हेडफोनचा माईक मोबाईलला चालतो, पण संगणकाला चालत नाही. असे का?

मोबाईलच्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या कड्या आणि चार पट्टे असतात. आवाज आणि माईक एकाच भोकातून जातात. डेस्कटॉपवर हिरवे आणि गुलाबी अशी दोन भोके असतील तर दोन टोकांचा छोटा अॅडॉप्टर लागतो. एकच भोक असलेल्या लॅपटॉपवर तो लागत नाही. तेथे विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये माईकला परवानगी आहे का, ते पाहावे. पिनेवर हिरवट चिकटा दिसत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसावी.

ब्लूटूथ हेडफोनची तक्रार निराळी असते: बैठक सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. माईक चालू झाला की हेडफोन बोलण्यासाठीच्या मोनो पद्धतीवर जातो, तो बिघाड नाही. माईक लॅपटॉपचा निवडावा आणि हेडफोन केवळ ऐकण्यासाठी ठेवावा.

१२. लॅपटॉप मिक्सरला जोडला की स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज येतो. चार्जर काढला की थांबतो. चार्जर बदलावा का?

चार्जर बदलून बहुधा फरक पडत नाही. लॅपटॉप एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या सॉकेटवर आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबल अशी रचना झाली की अर्थच्या वाटेचे एक वर्तुळ तयार होते, त्यातून बारीक प्रवाह फिरतो आणि तो ५० किंवा १०० हर्ट्झच्या घरघरीच्या रूपाने ऐकू येतो. चार्जर काढताच वर्तुळ तुटते, म्हणून आवाज थांबतो. हीच त्याची ओळख आहे.

देवळांच्या सभामंडपांत हा त्रास जास्त, कारण मिक्सर गर्भागृहाच्या बाजूच्या सॉकेटवर आणि लॅपटॉप मागच्या दाराजवळच्या सॉकेटवर असतो आणि दोन्हींचे वायरिंग वेगवेगळ्या जीर्णोद्धारांत झालेले असते. पहिला उपाय फुकटचा आहे: दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावीत. त्याने आवाज गेला नाही तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावावा. ध्वनी पुढे जातो आणि अर्थची जोडणी तुटते. मिक्सरपासून स्पीकरपर्यंतच्या लांब केबली एक्सएलआरच्या, म्हणजे बॅलन्स्ड, असाव्यात आणि विजेच्या वायरींना समांतर न नेता काटकोनात ओलांडाव्यात.

एक तिसरा उपाय पुष्कळ ठिकाणी सर्रास केला जातो: मिक्सरच्या प्लगची अर्थची पिन मोडणे. घरघर थांबते हे खरे, पण त्यानंतर कुठे एखादी वायर आतून सुटली तर सगळा दाब माईकच्या धातूच्या जाळीवर येतो, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला बुवा तोच माईक ओठांशी धरतो. हे कोणत्याही परिस्थितीत करू नये आणि मांडववाल्यालाही करू देऊ नये.

माऊस हलवला की बदलणारी बारीक चिंव-चिंव ही घरघर नव्हे. ती लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंड कार्डातून येते आणि यूएसबीचे बाहेरचे साउंड कार्ड लावल्यास बहुतेकदा जाते. स्वस्त स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर मिक्सर चालवताना येणारा खरखरीत गुणगुणाट यापैकी कशानेच जात नाही. तेथे साइन-वेव्ह इन्व्हर्टरच हवा.

१३. चतुर्थीत घुमट आरती रेकॉर्ड केली, पण ऐकताना सगळे फाटल्यासारखे वाटते. चांगला माईक घ्यावा का?

नव्या माईकचा विचार नंतर करावा. आधी जागा आणि पातळी सुधारावी. घुमटाचे एक तोंड चामड्याने मढवलेले आणि दुसरे उघडे असते, आणि वादक हाताने ते उघडे तोंड झाकून-उघडून नाद बदलतो. त्या उघड्या तोंडासमोर माईक ठेवला तर थापेबरोबर बाहेर पडणारा हवेचा धक्का थेट माईकच्या पडद्यावर बसतो. माईक चामड्याच्या बाजूने, दीड हाताच्या अंतरावर आणि थोडा तिरपा ठेवावा. डायनॅमिक माईक हा मारा सहज सोसतो. कंडेन्सर माईक वापरायचा असेल तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर द्यावा लागतो आणि त्यावर पातळी कमी करणारे 'पॅड' असे बटण असेल तर ते दाबावे.

पातळी ठरवताना मंडळींना आरतीचा सर्वांत चढा भाग वाजवायला सांगावे आणि सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवावा. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केल्यास ही पातळी नंतर वाढवता येते. शून्याला टेकून फाटलेला ठोका मात्र दुरुस्त होत नाही. घरच्या आरतीला हे करणे जड जाते, कारण तालमीत सावकाश वाजवणारी मुले प्रत्यक्ष आरतीत दुप्पट जोराने वाजवतात. तेव्हा आणखी सहा डेसिबल हाताशी ठेवावेत.

कासाळ्यांचा आवाज अजिबातच येत नाही, अशीही तक्रार असते. तो संगणक किंवा मोबाईल गिळतो: बोलण्याव्यतिरिक्तचे आवाज पुसणारी 'नॉइज सप्रेशन' सोय झांजेच्या किणकिणाटाला कचरा समजते. विंडोजमध्ये माईकच्या गुणधर्मांत 'ऑडिओ एनहान्समेंट्स' बंद करावेत, आणि बैठकीच्या अॅपमध्ये 'ओरिजिनल साउंड' किंवा संगीतासाठीचा पर्याय असल्यास तो निवडावा. राज्याचे वारसा वाद्य म्हणून २०१९ साली घोषित झालेल्या घुमटाचे रेकॉर्डिंग आता गावोगाव होते आहे. ते फोनच्या कप्प्यात न ठेवता मूळ वेव्ह फाईल जपून ठेवावी, ही आमची विनंती आहे.

१४. हार्मोनियमचा रियाज संगणकावर ऐकत करताना स्वर उशिरा येतो. वेगवान संगणक घेतल्यास जाईल का?

उशीर बहुतांशी बफरचा, म्हणजे आवाजाचे नमुने पुढे पाठवण्यापूर्वी जेथे साठवले जातात त्या जागेचा, असतो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांच्या बफरने एका दिशेला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात आणि १०२४ नमुन्यांनी २१ मिलिसेकंदांहून जास्त; जाण्यायेण्याचे मिळून दुप्पट. आवाज हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा सुमारे साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराइतका असून तो खपून जातो. यूएसबी ऑडिओ इंटरफेस, त्याचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर आणि १२८ किंवा २५६ चा बफर एवढे पुरेसे आहे. ब्लूटूथ हेडफोनवर रियाज करू नये. तेथे उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या पुढेच असतो. इंटरनेटवरून दोघांनी एकाच वेळी वाजवणे हा वेगळा विषय आहे आणि सामान्य बैठकीच्या अॅपवर तो जमत नाही.

१५. सभामंडपात स्पीकर शिट्टी मारतो.

स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या दिशेने ठेवावेत आणि न वापरातले माईक बंद ठेवावेत. फरशी आणि गुळगुळीत भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे रिकाम्या मंडपात तपासणी करताना येणारी शिट्टी लोक जमल्यावर पुष्कळशी कमी होते. तिच्यासाठी इक्वलायझर आधीच फिरवत बसू नये.

१६. वेबकॅमच्या चित्रात आडवे पट्टे सरकतात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि कॅमेरा ६० वर ठरवलेला आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'अँटी-फ्लिकर' किंवा 'पॉवर लाइन फ्रीक्वेन्सी' ५० करावी.

१७. कॅमेऱ्याच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते. ते काय आहे आणि कसे टाळावे?

ती बुरशी आहे. कपाटातील हवेची आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती त्याहूनही वर असते. लवकर लक्षात आल्यास कारागीर भिंग खोलून साफ करतो. उशीर झाल्यास ती काचेवरचा लेप खाते आणि डाग कायमचा राहतो. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. झाकण घट्ट बसणारा डबा, सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. त्याहून फार कोरडेही नको.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणल्यावर भिंगावर धुके साचते. बाहेर नेण्यापूर्वी तो पिशवीत बंद करून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. प्रोजेक्टर आणि बाहेरगावाहून थंड गाडीतून आणलेला मॉनिटर यांनाही हेच लागू आहे. लगेच वीज देऊ नये.

१८. जुना चांगला स्कॅनर नव्या विंडोजवर चालत नाही. फेकून द्यावा का?

घाई करू नये. पुष्कळ जुन्या स्कॅनरांचे ड्रायव्हर ३२-बिटचे आहेत आणि ६४-बिट विंडोज ते घेत नाही. स्कॅनर मात्र धडधाकट असतो. व्ह्यूस्कॅनसारखी स्वतःचे ड्रायव्हर असलेली प्रणाली किंवा लिनक्सवरील सेन यांत आपले मॉडेल आहे का, ते पाहावे. जुन्या संगणकावर लिनक्स घालून तो स्कॅनरपुरता राखून ठेवणे हाही चांगला मार्ग आहे.

नव्याने आणलेला स्कॅनर खडखड करून थांबत असेल तर तळाशी किंवा बाजूला कुलपाची खूण असलेली खिट्टी पाहावी. वाहतुकीसाठी आतला दांडा तिने अडकवलेला असतो. स्कॅनर ओळखला जाऊन मध्येच तुटत असेल तर निळे यूएसबी-३ पोर्ट सोडून यूएसबी-२ मध्ये लावावा.

१९. पोर्तुगीज काळातील जमिनीची कागदपत्रे स्कॅन करायची आहेत. कोणत्या सेटिंगवर करावीत?

रंगीत, ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० बिंदूंवर. बारीक हस्ताक्षर, शिक्के किंवा नकाशा असल्यास ४०० ते ६०० वर. कृष्णधवल पर्याय निवडू नये, कारण फिकट झालेली तपकिरी शाई आणि मुद्रांकाचा रंग त्यात नाहीसा होतो. ए-फोर पान ३०० डीपीआयवर सुमारे २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचे होते आणि दाबले नाही तर २६ एमबी जागा घेते. मूळ प्रत टिफमध्ये ठेवावी आणि वकिलाला देण्यासाठी वेगळी पीडीएफ करावी.

१९६१ पूर्वीचा कागद कधीही फीडरमधून घालू नये. सपाट काचेवरच ठेवावा. दोन्ही बाजूंना लिहिलेल्या पातळ कागदाची मागची अक्षरे पुढे उमटतात. पानाच्या मागे काळा कागद ठेवल्यास ती बरीच दबतात. काचेचे झाकण जोराने दाबू नये. वाळवीने खाल्लेली किंवा घडीवर तुटायला आलेली पाने स्कॅनरवर न ठेवता वरून कॅमेऱ्याने, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश देऊन घ्यावीत. लॅमिनेशन करू नये; उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागदाला इजा न करता निघत नाही.

अक्षरओळख, म्हणजे ओसीआर, छापील मजकुरापुरती उपयोगी आहे. टेसरॅक्ट या मोफत प्रणालीत मराठी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषा आहेत, आणि एकाच पानावर दोन्ही असल्यास दोन्ही एकदम निवडता येतात. नोटरीच्या वळणदार हस्ताक्षरातील पोर्तुगीज दस्त तिला वाचता येत नाहीत. त्यासाठी जाणकार माणूसच लागतो.

२०. फीडरने स्कॅन केले की प्रत्येक पानावर उभी रेघ येते, काचेवर ठेवले तर येत नाही.

मोठ्या काचेच्या शेजारी एक अरुंद काचपट्टी असते. फीडरमधील कागद तिच्यावरून जातो. तिच्यावर खोडद्रवाचा किंवा गोंदाचा कण चिकटलेला असतो. ती ओलसर कापडाने पुसावी. डोळ्यांना कण दिसला नाही तरी बोटाला लागतो.

२१. पावसाळ्यात प्रिंटर सारखा कागद अडकवतो आणि छपाई फिकी येते.

कागद ओल धरतो. लेसर प्रिंटरमध्ये असा कागद तापून वळतो, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात आणि टोनर नीट चिकटत नाही. ट्रेमध्ये दिवसापुरताच कागद ठेवावा, उरलेला रीम मूळ वेष्टनासह घट्ट डब्यात ठेवावा. इंक टँक प्रिंटरचा शत्रू मात्र निष्क्रियता आहे: आठवड्यातून एकदा एक रंगीत पान काढावे. वारंवार 'हेड क्लीनिंग' करून शाई संपवू नये. दोनदा करून फरक पडला नाही तर रात्रभर थांबून पुन्हा एकदा करावे.

२२. प्रोजेक्टर घरी चांगला दिसला, नाटकाच्या मांडवात मात्र अंधुक आणि वाकडा दिसतो.

आधी अंतर मोजावे. थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असलेल्या प्रोजेक्टरला दोन मीटर रुंद चित्रासाठी तीन मीटर अंतर लागते. चित्र रुंदीने दुप्पट केले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो आणि उजेड चौथा हिस्सा उरतो. वेष्टनावरील ल्यूमेन एएनएसआय पद्धतीने मोजलेले नसतील तर त्या आकड्यावर विसंबू नये. वाकडेपणा प्रोजेक्टरच्या 'कीस्टोन' सेटिंगने सरळ करता येतो, पण त्यात अक्षरांचा रेखीवपणा जातो. प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यरेषेवर आणणे अधिक चांगले.

डिचोली-साखळीच्या बाजूला वापरलेल्या प्रोजेक्टरांची हवेची जाळी लाल धुळीने गच्च भरलेली सापडते. यंत्र तापते आणि मध्येच बंद पडते. जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडावी. दिव्याचा प्रोजेक्टर बटणाने बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये. चित्रच येत नसेल तर प्रश्न ३ आणि लांब केबलसाठी प्रश्न २ पाहावा.

२३. तंत्रज्ञाला फोन करताना काय सांगावे?

यंत्राच्या पाठीवरील लेबलचा फोटो, पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो आणि दोन्ही टोकांसह केबलचा फोटो आधी पाठवावा. बिघाड कधीपासून आहे, त्याआधी वीज गेली होती का, विंडोजचे अपडेट झाले होते का आणि दुसरी केबल किंवा दुसरा संगणक लावून पाहिला का, एवढे सांगितले की बरेचदा फेरी वाचते. वॉरंटीतील यंत्राचे झाकण स्वतः उघडू नये. ते आधी कोणी उघडले असेल तर तेही सांगावे; स्क्रूच्या खुणांवरून ते तसेही कळतेच.